नकाशाला किती रंग लागतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नकाशे रंगवण्याच्या गणितावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. नियम एकच आहे: ज्या दोन प्रदेशांमध्ये सामाईक सीमारेषा आहे, त्यांना एकच रंग द्यायचा नाही. केवळ एका बिंदूत टेकणारे प्रदेश शेजारी मानले जात नाहीत, आणि प्रत्येक प्रदेश सलग, एकाच तुकड्याचा असतो असे गृहीत धरलेले असते. जिथे हे गृहीत मोडते, तिथे उत्तरात तसा उल्लेख केला आहे.

प्रश्न : चौथीच्या वर्गात महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा रंगवून घेतला. मुलांनी तीनच रंग वापरायचे ठरवले, परंतु दर वेळी कुठे ना कुठे दोन शेजारी जिल्हे एकाच रंगाचे होत राहिले. मुलांचे काही चुकते आहे, की हे होणे शक्यच नाही? (एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा)

उत्तर : मुलांचे काहीही चुकलेले नाही. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा नकाशा तीन रंगांत रंगवता येणारच नाही, आणि त्याचे कारण आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातच सापडते. पुणे जिल्ह्याच्या सभोवार ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर असे पाच जिल्हे आहेत. हे पाच जिल्हे पुण्याला तर लागून आहेतच, शिवाय त्याच क्रमाने एकमेकांनाही लागून आहेत. ठाण्याची हद्द रायगडला, रायगडची साताऱ्याला, साताऱ्याची सोलापूरला, सोलापूरची अहिल्यानगरला आणि अहिल्यानगरची सह्याद्रीच्या माथ्यावर पुन्हा ठाण्याला मिळते. म्हणजे पुण्याभोवती पाच जिल्ह्यांचे एक बंद कडे तयार होते.

आता पुण्याला पिवळा रंग द्या. कड्यातल्या पाचांपैकी कोणालाही पिवळा देता येणार नाही, कारण ते सगळे पुण्याचे शेजारी आहेत. उरलेल्या दोन रंगांत कडे रंगवायचे तर ते रंग आळीपाळीने द्यावे लागतील: रायगड तांबडा, सातारा हिरवा, सोलापूर तांबडा, अहिल्यानगर हिरवा. पाचवा जिल्हा ठाणे. त्याच्या एका बाजूला तांबडा रायगड, दुसऱ्या बाजूला हिरवा अहिल्यानगर आणि तिसरीकडे पिवळा पुणे. त्याला चौथा रंग देण्यावाचून गत्यंतर नाही. कड्यातल्या जिल्ह्यांची संख्या सम असती तर आळीपाळीचे रंग नीट जुळले असते. ती विषम असल्यामुळे फेरी पूर्ण होताना दोन टोके एकाच रंगावर येऊन आदळतात.

मुलांना याच प्रकारचे दुसरे, इतिहासाला जोडलेले उदाहरण भारताच्या नकाशावर दाखवता येईल. छत्तीसगडभोवती आज उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि झारखंड अशा सात राज्यांचे कडे आहे. सात ही विषम संख्या, म्हणून येथेही चार रंग लागतात. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य स्थापन झाले. त्याआधी त्याच कड्यात सहाच राज्ये होती आणि तेवढ्या भागाला तीन रंग पुरत होते. म्हणजे एक नवी राज्यसीमा आखली गेली आणि छत्तीसगडच्या परिसराला लागणाऱ्या रंगांची संख्या एकाने वाढली. मुलांना जुने आणि नवे, असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून रंगवायला द्यावेत. कारण त्यांनी स्वतः शोधून काढले तर त्याचा आनंद वेगळाच असतो.

प्रश्न : एकमेकांना लागून असलेले पाच प्रदेश कागदावर काढताच येत नाहीत, हे मी पडताळून पाहिले. मग चार रंग नेहमी पुरतात हे आपोआप सिद्ध होत नाही का? एवढ्याशा गोष्टीसाठी गणितज्ञांना शंभराहून अधिक वर्षे का लागली? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपल्यासारखाच विचार आजवर अनेकांनी केला आहे, आणि हा प्रश्न मनापासून समजून घ्यायचा असेल तर त्या विचारात नेमकी फट कुठे आहे हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. आपले निरीक्षण खरे आहे. परस्परांना लागून असलेले पाच प्रदेश सपाट कागदावर काढता येत नाहीत. परंतु त्यावरून चार रंग पुरतात असा निष्कर्ष निघत नाही.

वरच्या उत्तरातले पुणे जिल्ह्याचे कडेच पुन्हा पाहा. त्या सहा जिल्ह्यांमध्ये परस्परांना लागून असलेले चार जिल्हे कुठेच नाहीत. पुणे, ठाणे आणि रायगड हे तिघे एकमेकांना लागून आहेत, परंतु सातारा ठाण्याला लागत नाही; पुणे, सातारा आणि सोलापूर घेतले तर अहिल्यानगर साताऱ्याला लागत नाही. कोणतेही चार निवडा, त्यांत न भेटणारी एक जोडी निघतेच. आपली विचारपद्धती ग्राह्य मानली, तर ‘चार परस्परलग्न प्रदेश नाहीत, म्हणून तीन रंग पुरतील’ असेही म्हणावे लागेल; आणि प्रत्यक्षात तीन रंग पुरत नाहीत. रंगांची गरज केवळ परस्परलग्न प्रदेशांच्या लहानशा गटामुळे निर्माण होत नाही, ती संपूर्ण नकाशाच्या गुंफणीतूनही निर्माण होऊ शकते. पाच परस्परलग्न प्रदेश नसतानाही कुठल्या तरी अवाढव्य नकाशाची गुंफण पाचवा रंग मागेल की काय, हीच खरी शंका होती, आणि तिचे निरसन करायला १८५२ पासून १९७६ पर्यंतचा काळ लागला.

फ्रान्सिस गथ्री हे इंग्लंडच्या काउंट्यांचा नकाशा रंगवत असताना त्यांना चार रंग पुरतात असे दिसले. त्यांचे बंधू फ्रेडरिक यांनी २३ ऑक्टोबर १८५२ रोजी हा प्रश्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील आपले प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांना विचारला. डी मॉर्गन यांचा जन्म मदुराईचा. त्यांनी त्याच दिवशी डब्लिनला विल्यम हॅमिल्टन यांना पत्र लिहिले. तीन दिवसांनी हॅमिल्टन यांचे उत्तर आले की या प्रश्नाला आपण इतक्यात हात घालू असे वाटत नाही. डी मॉर्गन स्वतः मात्र तो सोडायला तयार नव्हते. चार प्रदेश परस्परांना लागून असतील तर त्यांतला एक उरलेल्या तिघांच्या आत कोंडला जातो, हे त्यांना प्रश्नाचे मर्म वाटत होते. ते विधान खरे आहे, परंतु आपल्या निरीक्षणाप्रमाणेच तेही ध्येयापासून बरेच अलीकडे थांबते. तेव्हा आपण चुकलात ते फार मोठ्या माणसाच्या सोबतीने.

पुढे १८७८ मध्ये आर्थर केली यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हा प्रश्न कोणी सोडवला आहे का अशी विचारणा केली, आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड केंपे या बॅरिस्टर गृहस्थांनी सिद्धता प्रसिद्ध केली. ती अकरा वर्षे निर्विवाद मानली गेली. १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी तिच्यातला दोष दाखवला. तो दोष कोणता, हे पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : पाच रंग पुरतात याची सिद्धता हाताने लिहिता येते असे ऐकले आहे. मग एकच रंग कमी करण्यासाठी संगणक का लागावा? आणि संगणकाने दिलेल्या सिद्धतेला सिद्धता म्हणावे का? (निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : आपण स्वतः गणित शिकवले असल्यामुळे पाच रंगांची सिद्धता येथे थोडक्यात मांडतो; चार रंगांची अडचण तिच्यातूनच उलगडते.

ऑयलरच्या सूत्रावरून असे निघते की सपाट कागदावरच्या कोणत्याही नकाशात पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला निदान एक प्रदेश असतोच. असा एक प्रदेश निवडून तूर्त बाजूला ठेवा आणि उरलेला, एका प्रदेशाने लहान झालेला नकाशा पाच रंगांत रंगवला आहे असे समजा. आता वगळलेला प्रदेश परत जागेवर ठेवायचा आहे. त्याच्या शेजाऱ्यांमध्ये चारच रंग वापरले गेले असतील तर पाचवा रंग मोकळा आहे. अडचण तेव्हाच येते, जेव्हा त्याला पाच शेजारी असतात आणि त्या पाचांचे रंग पाच वेगवेगळे असतात. घड्याळाच्या दिशेने त्यांना तांबडा, हिरवा, पिवळा, निळा आणि जांभळा म्हणू.

तांबड्या शेजाऱ्यापासून निघा आणि फक्त तांबड्या व पिवळ्या प्रदेशांतून जेवढे जाता येईल तेवढे जा. या प्रदेशांच्या समूहाला आज केंपेची साखळी म्हणतात. ही साखळी पिवळ्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर तिच्यातले सगळे तांबडे पिवळे करा आणि सगळे पिवळे तांबडे करा. कुठेही नियम मोडत नाही, आणि आपल्या प्रदेशासाठी तांबडा रंग मोकळा होतो. ती पोहोचत असेल, तर तांबड्यापासून पिवळ्यापर्यंत एक अखंड तट उभा राहतो. हिरवा शेजारी त्या तटाच्या एका बाजूला आणि निळा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे हिरव्यापासून निघालेली हिरव्या-निळ्या प्रदेशांची साखळी निळ्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि तिथे अदलाबदल करून हिरवा रंग मोकळा करता येतो. एवढी ही सिद्धता आहे. ती हीवुड यांनी १८९० च्या त्याच लेखात दिली, आणि तिचे साधन त्यांनी केंपे यांच्याकडूनच घेतले, ही गोष्ट केंपे यांच्या मोठेपणाची साक्ष आहे असे मला वाटते.

आता रंग चारच आहेत असे धरा. पाच शेजाऱ्यांमध्ये एक रंग दोनदा आलेला असतो, आणि केवळ एका साखळीची अदलाबदल करून एकही रंग मोकळा होत नाही अशी स्थिती येऊ शकते. केंपे यांनी अशा वेळी दोन साखळ्यांची अदलाबदल एकदमच केली. दोन्ही अदलाबदली वेगवेगळ्या केल्या तर निर्दोष आहेत. परंतु त्या दोन साखळ्यांचे काही प्रदेश परस्परांना लागून असू शकतात, आणि मग दोन्ही एकदम केल्यास त्या ठिकाणी दोन शेजारी एकाच रंगाचे होतात. हीवुड यांनी असा नकाशा प्रत्यक्ष काढून दाखवला. तो नकाशा चार रंगांत रंगवता येत नाही असे नव्हे. केंपे यांची रीत त्याच्यावर चालत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

म्हणजे ‘पाच शेजारी असलेला एक प्रदेश’ एवढ्या छोट्या तुकड्यावर काम भागत नाही. त्याऐवजी शेजारी-शेजारी असलेल्या अनेक प्रदेशांचे मोठे तुकडे घ्यावे लागतात, आणि दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: कोणत्याही नकाशात त्या यादीतला निदान एक तुकडा सापडतोच, आणि यादीतल्या प्रत्येक तुकड्याबाबत उरलेल्या नकाशाचे रंग तुकड्याच्या आतपर्यंत नेता येतात. केनेथ आपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी इलिनॉय विद्यापीठात १९७६ मध्ये हे साधले. त्यांच्या यादीत हजाराहून अधिक तुकडे होते आणि तपासणीला संगणकाचे सुमारे १,२०० तास लागले. ‘चार रंग पुरतात’ हे शब्द त्यांच्या विभागाने टपालाच्या शिक्क्यावर घेतले होते.

याला सिद्धता म्हणावे का, हा आपला प्रश्न त्या वेळी अनेक गणितज्ञांनीही विचारला. माझे मत स्पष्ट आहे: ही सिद्धताच आहे. १९९७ मध्ये रॉबर्टसन, सँडर्स, सेमूर आणि थॉमस यांनी यादी ६३३ तुकड्यांपर्यंत खाली आणून स्वतंत्र सिद्धता प्रसिद्ध केली, आणि २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी तर्काची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या ‘कॉक’ या प्रणालीत संपूर्ण युक्तिवाद पडताळून घेतला. निष्कर्षाच्या सत्यतेबद्दल आता वाजवी शंका उरत नाही. तरीही, पाच रंगांची सिद्धता वाचून ‘असे का’ हे जसे उमगते, तसे चार रंगांच्या सिद्धतेतून उमगत नाही, ही आपल्यासारख्या शिक्षकाच्या मनातली खंत मला रास्त वाटते. हाताने वाचून समजेल अशी छोटी सिद्धता अजून कोणाला सापडलेली नाही.

प्रश्न : नकाशात समुद्र निळा दाखवतात. तो चार रंगांत धरायचा का? (वाचक, मडगाव)

उत्तर : धरला तरी प्रमेय टिकते, कारण समुद्र हाही एक प्रदेशच होतो. आपल्या गोव्याजवळच याचे सुंदर उदाहरण आहे. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक आणि अरबी समुद्र हे चौघे परस्परांना लागून आहेत. त्यामुळे त्यांना चार वेगळे रंग द्यावेच लागतात, आणि गोवा उरलेल्या तिघांनी वेढलेला आहे, जसे डी मॉर्गन म्हणत होते.

मात्र एक अट लक्षात ठेवावी लागते. भारताचा नकाशा समुद्रासह चारच रंगांत रंगवायचा तर एखाद्या राज्यालाही निळा रंग द्यावा लागतो. छत्तीसगड आणि त्याचे सात शेजारी मिळून चारही रंग वापरतात. त्यांपैकी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा समुद्राला लागून असल्यामुळे निळे होऊ शकत नाहीत. म्हणून छत्तीसगड, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, झारखंड किंवा तेलंगण यांपैकी कोणी तरी निळे होणारच. निळा रंग केवळ पाण्यासाठी राखून ठेवायचा असेल, तर एकूण पाच रंग लागतात.

दुसरी अडचण विखुरलेल्या प्रदेशांची. पुदुच्चेरीचे कारैकल तमिळनाडूलगत, माहे केरळात आणि यानम आंध्र प्रदेशात आहे. अशा सर्व तुकड्यांना एकच रंग द्यायचा ठरवले तर चार रंगांचे प्रमेय लागू होत नाही. प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त दोन तुकडे असतील तर बारा रंग नेहमी पुरतात आणि कधी कधी बाराही लागतात, हे हीवुड यांनीच दाखवले. पृथ्वीच्या गोलावर सपाट कागदाइतकेच, म्हणजे चार रंग पुरतात. मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावर मात्र सात लागू शकतात, आणि सात नेहमी पुरतात. अवघड दिसणाऱ्या त्या पृष्ठभागाचे उत्तर १८९० मध्येच मिळाले होते, साध्या कागदाचे मात्र नाही.

प्रश्न : सुडोकू हेही रंग भरण्याचेच गणित आहे का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : होय. ८१ घरे हे प्रदेश समजा आणि नऊ अंक हे रंग. एकाच ओळीतली, एकाच स्तंभातली आणि एकाच नऊ घरांच्या चौकटीतली घरे एकमेकांची शेजारी मानली, तर प्रत्येक घराला बरोबर २० शेजारी मिळतात. काही घरांचे रंग आधीच ठरलेले आहेत आणि उरलेले नियम न मोडता भरायचे आहेत. ही शेजारनाती सपाट कागदावर नकाशाच्या रूपात काढता येत नाहीत, म्हणून येथे चार रंगांचे प्रमेय उपयोगी पडत नाही. परीक्षांचे वेळापत्रक लावतानाही हेच गणित येते: एखादा विद्यार्थी ज्या दोन विषयांना बसणार आहे ते विषय शेजारी, आणि परीक्षेच्या वेळा हे रंग.

प्रश्न : नकाशा रंगवण्याचा दोघांनी खेळायचा काही खेळ आहे का? चार रंग नेहमी पुरतात, तर त्यात हरणे-जिंकणे कसे होणार? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : असा खेळ आहे, आणि आपल्या शंकेचे उत्तर फार उद्बोधक आहे. स्टीव्हन ब्रॅम्स यांनी सुचवलेला हा खेळ मार्टिन गार्डनर यांनी १९८१ मध्ये आपल्या सदरातून वाचकांपुढे आणला. दोन खेळाडू आळीपाळीने एकेका प्रदेशाला, ठरलेल्या रंगांपैकी एक रंग नियम पाळून देतात. पहिल्याची इच्छा संपूर्ण नकाशा रंगून व्हावा अशी असते; दुसऱ्याला तो अडवायचा असतो. एखाद्या न रंगवलेल्या प्रदेशाला देण्याजोगा रंगच उरला नाही, तर दुसरा जिंकतो.

ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढेच चार जिल्हे घ्या. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे एका रांगेत आहेत, आणि एकट्याने रंगवायचे तर दोन रंग सहज पुरतात. आता दोघे खेळत आहेत आणि रंग तांबडा व हिरवा असे दोनच आहेत असे धरा. पहिल्याने ठाणे तांबडा केला, तर दुसरा रत्नागिरी हिरवा करतो आणि मधला रायगड अडकतो. पहिल्याने रायगड तांबडा केला, तर दुसरा सिंधुदुर्ग हिरवा करतो आणि रत्नागिरी अडकतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली तरी हेच घडते. पहिला खेळाडू पहिल्याच चालीनंतर हरलेला असतो. तीन रंग दिले की तो कधीच हरत नाही, कारण कोणत्याही जिल्ह्याला दोनांहून अधिक शेजारी नाहीत.

चार रंग पुरतात याचा अर्थ, नकाशा रंगवण्याची निदान एक योग्य रीत अस्तित्वात आहे. कशाही रीतीने सुरुवात केली तरी चार रंगांत शेवट होईल, असे प्रमेय म्हणत नाही. विरोधक मुद्दाम वाईट रंग निवडत असेल तेव्हा लागणाऱ्या रंगांची संख्या बरीच वाढते. सात रंग असूनही पहिला खेळाडू हरेल असे सपाट नकाशे माहीत आहेत; आणि १७ रंग दिले तर तो कोणत्याही सपाट नकाशावर जिंकू शकतो, हे शुडिंग झू यांनी २००८ मध्ये सिद्ध केले. या दोन संख्यांमधले अंतर अजून मिटलेले नाही.

मैत्रिणीबरोबर खेळायला याहून सोपा खेळ हवा असेल तर कॉलिन व्हाउट यांचा ‘कॉल’ घ्या. त्यात प्रत्येक खेळाडूचा एकच स्वतःचा रंग असतो, आपल्या रंगाच्या शेजारी पुन्हा आपलाच रंग लावता येत नाही, आणि ज्याला चाल उरत नाही तो हरतो. सायमन नॉर्टन यांच्या ‘स्नॉर्ट’मध्ये नियम उलटा आहे: प्रतिस्पर्ध्याच्या रंगाशेजारी आपला रंग लावायचा नाही. दोन्ही खेळांना जिल्ह्यांचा कोरा नकाशा आणि दोन रंगखडू पुरतात. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांवर आधी ‘कॉल’ खेळून पाहा आणि मग त्याच नकाशावर ‘स्नॉर्ट’.